मांड मोडून भवन कशाला?

दिवाळी अंक हाती घेऊन वाचक फराळाच्या ताटाशी बसलेला असतो. अशा वेळी त्याच्यापुढे भांडण घेऊन जाणे फारसे सभ्यपणाचे नाही, हे मला कबूल आहे. परंतु या भांडणाचा मुहूर्तच असा की ते आत्ता काढले नाही, तर पुढे वर्षभर काढून उपयोग नाही. तमाशाचे फड दसऱ्यालाच घराबाहेर पडलेले आहेत. थोड्याच दिवसांत तुळशीचे लग्न लागेल, त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळा उजळतील, आणि कोकणात जत्रा सुरू होऊन दशावताराचे पेटारे गावोगाव हिंडू लागतील. तिकडे पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की नाटकांचा हंगाम उभा राहील. महाराष्ट्राच्या लोककलांचे नवे वर्ष ते हे. आणि नेमक्या याच दिवसांत गावोगावच्या पुढाऱ्यांच्या मनात या कलांविषयी कळवळा दाटून येतो, आणि तो डोळ्यांवाटे न वाहता सिमेंटच्या पोत्यांवाटे वाहू लागतो.

या कळवळ्याचे नाव ‘सांस्कृतिक भवन’. वाचकांपैकी बहुतेकांनी त्याचे दर्शन घेतलेले असेल. तालुक्याच्या गावी, बसस्थानकापासून जरा लांब, पूर्वी जिथे आमराई होती तिथे ते उभे असते. दर्शनी बाजूला निळी काच. ती उन्हाने तापते म्हणून आत वातानुकूलनाची यंत्रे. यंत्रांचे वीजबिल परवडत नाही म्हणून ती बंद. ती बंद असली की आत गुदमरते, कारण खिडक्या उघडत नाहीत. आणि आत गुदमरते म्हणून भवनही बंद. दरवाजावर कुलूप, कुलपाची किल्ली कुठल्याशा कचेरीत, आणि किल्ली ज्याच्या ताब्यात तो रजेवर. कोनशिला मात्र शाबूत असते. तिच्यावरची सारी नावे मोठ्याने वाचली, तर या वास्तूत झालेला तोच सर्वांत मोठा कार्यक्रम ठरेल. लग्नसराईत भवन उघडते, निवडणुकीत उघडते, सरकारी प्रशिक्षणाला उघडते. दशावतारी मंडळींना मात्र तिथली अनामत रक्कम परवडत नाही. ती त्याच भवनाच्या कुंपणाबाहेर मोकळ्या जागेत बाकडे मांडतात आणि खेळ उभा करतात. गर्दीही तिथेच असते.

हे सारे तालुक्यापुरते होते तोवर हसून सोडून देता येत होते. आता ही भवने तालुक्यातून खाली उतरून गावाच्या मांडावर येऊ लागली आहेत, म्हणून लेखणी उचलावी लागली. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो: मांड म्हणजे दक्षिण कोकणात आणि गोव्यात गावाची पिढीजात ठरलेली जागा. शिमग्याची सोंगे तिथे नाचतात, रोंबाट तिथून निघते, गोव्यात जागर तिथे होतो. मांडाला भिंती नसतात, पण त्याची शीव गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आमच्या बाजूच्या एका गावात मांडाच्या कडेचा वड तोडून तिथे स्लॅबचे सभागृह उठवण्याचा नकाशा तयार आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण हे एकट्या त्या गावाचे दुखणे नव्हे. नकाशावर उद्देश लिहिला आहे, ‘पारंपरिक कलांचे संवर्धन’. ज्या वडाखाली ती कला वाढली, तो वडच तिच्या संवर्धनाच्या आड येतो, असा याचा अर्थ घ्यायचा.

मी मास्तर आहे, कादंबऱ्या लिहितो, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वास्तुशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. पण घर ही गोष्ट पदवीधरांनीच बोलावी अशी असती, तर ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण पडलीच नसती. माझे म्हणणे एका ओळीत मावते. ज्या घराची डागडुजी गावाला आपल्या हातांनी करता येत नाही, ते घर गावाच्या कलेचे घर होऊ शकत नाही.

हल्ली ‘शाश्वत वास्तुकला’ हा शब्द फार ऐकू येतो. इमारतींना हरितपणाची प्रमाणपत्रेही मिळतात, आणि ती काचेच्या चौकटीत बसवून वातानुकूलित दालनात टांगतात. कोकणातल्या माणसापाशी याच कल्पनेसाठी एक जुना, साधा, घामाचा वास येणारा शब्द आहे: शाकारणी. मृगाच्या आधी, वैशाख-ज्येष्ठात, माणूस छपरावर चढतो. कौले उतरवतो, फुटके बदलतो, वाळवी लागलेली रीप काढून नवी ठोकतो, पन्हळीतला पालापाचोळा उपसतो, आणि कौले पुन्हा जागच्या जागी बसवतो. दोन-चार दिवसांचे काम. तेवढ्या दिवसांत घराची नाडी तपासून होते. कुठले लाकूड कुजले, कुठे उंदराने घर केले, कुठली भिंत ओल धरते, ते सारे उघड्या डोळ्यांना दिसते. दरवर्षी शाकारलेले घर म्हातारे होते, पण अचानक मरत नाही.

सिमेंट-काँक्रीटचे दुखणे याच्या नेमके उलट. ते आजार लपवते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत मीठ हळूहळू आत झिरपते, आतले लोखंड गंजते, गंजून फुगते, आणि फुगलेले लोखंड बाहेरचे काँक्रीट फोडून काढते. हे वर्षानुवर्षे चाललेले असते आणि बाहेरून मात्र रंगाचा नवा हात दिलेला असतो. पणजीची कला अकादमी ही चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या थोर वास्तुकाराची कृती. मांडवीच्या काठावरची ती वास्तू पाहून डोळे निवतात. त्याच अकादमीच्या खुल्या नाट्यगृहातील रंगमंचावरचे छप्पर १७ जुलै २०२३ च्या पहाटे कोसळले, आणि तेही नूतनीकरणाचे काम चालू असताना. यात कोरियांना बोल लावण्याचे कारण नाही. मला एवढेच दिसते की राजधानीत, सरकारच्या डोळ्यांसमोर, अभियंत्यांच्या देखरेखीखाली असलेल्या इमारतीची ही गत होऊ शकते. मग ज्या गावात अभियंता दोन वर्षांतून एकदा, तोही कोनशिलेच्या दिवशीच दिसतो, तिथल्या स्लॅबचा वाली कोण? कौल फुटले तर पहिल्या सरीलाच थेंब टाळूवर पडतो आणि माणूस शिडी शोधतो. स्लॅब फुटली की आधी अर्ज शोधावा लागतो.

हे झाले टिकण्याचे. आता कलेकडे येऊ. दशावताराचा खेळ ज्यांनी रात्रभर बसून पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की त्यात नेपथ्य म्हणून एक बाकडे असते. तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. संवाद लिहिलेले नसतात. नट समोरासमोर उभे राहून पुराणातल्या कथेवर आपल्या बुद्धीने बोलतात, आणि समोरच्याने शब्द टाकला की त्यावर दुसरा चढतो. अशा खेळाचा सारा प्राण कानात. शब्द नीट ऐकू आला पाहिजे, आणि प्रेक्षकाची दाद नटाला ऐकू गेली पाहिजे. पायपेटी, मृदंग आणि झांज यांची जी जुगलबंदी चालते, तिच्यातला प्रत्येक ठोका सुटा पडला पाहिजे. आता या मंडळींना गुळगुळीत गिलाव्याच्या समोरासमोरच्या भिंती आणि वर सपाट स्लॅब अशा खोक्यात उभे करा. बोलण्यासाठीच्या दालनात आवाजाची घुमणूक साधारण एका सेकंदाच्या आसपास विरली तर शब्द स्वच्छ येतात. उघड्या सिमेंटच्या रिकाम्या दालनात ती कितीतरी पट लांबते. पहिला शब्द भिंतींवर आपटत असतानाच दुसरा येऊन त्याच्या पाठीवर बसतो. मग ऐकू येत नाही म्हणून ध्वनिक्षेपक वाढवायचा, आणि वाढवला की घुमणूकही वाढते. शाळेचे स्नेहसंमेलन अशा दालनात घेणाऱ्या प्रत्येक मास्तराला हा अनुभव आहे: मुलांचे संवाद आईबापांपर्यंत पोचतात ते केवळ पाठांतर घरी ऐकलेले असते म्हणून.

उष्म्याचे गणितही असेच उलटे. स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि सूर्य मावळल्यावर ते हळूहळू खाली ओकू लागते. म्हणजे खेळ सुरू व्हायच्या वेळी छताला ताप चढलेला. कौलारू छपराला एवढा साठा करता येत नाही. ते लवकर तापते तसे लवकर निवते, आणि माणसांच्या श्वासाने गरम झालेली हवा उंच आढ्याकडे चढून कौलांच्या फटींतून निसटून जाते. वातानुकूलनाचे यंत्र पैसे घेऊन जे करते, ते इथे आढ्याची उंची फुकट करते.

यात मी नवे काहीच सांगत नाही. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या बांधणीलाच वाहिलेला आहे. विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे तीन आकार त्यात सांगितले आहेत, आणि माणसांसाठी चौसष्ट हात लांब, बत्तीस हात रुंद असे मध्यम गृहच योग्य ठरवले आहे. दीड फुटाचा हात धरला तर ते शहाण्णव फूट लांब आणि अठ्ठेचाळीस फूट रुंद होते. त्याहून मोठे बांधू नका असे सांगताना कारण दिले आहे ते नटाच्या बाजूचे: फार मोठ्या घरात आवाज अस्पष्ट होतो, आणि चेहऱ्यावरचा भाव दुरून दिसत नाही. घर डोंगरातल्या गुहेसारखे असावे, झरोके लहान असावेत, वाऱ्याचा झोत आत येऊ नये, म्हणजे स्वर गंभीर राहतो, असाही दंडक आहे. पण त्याहून मला आवडते ती सुरुवात. भरत प्रथम जमीन पाहायला सांगतो: ती सपाट आहे का, घट्ट आहे का, तिचा रंग कोणता. आमचे भवन प्रथम निधी पाहते. एक हजार खुर्च्यांचे भवन मंजूर झाले की हजार खुर्च्या बसवायच्या, मग गावाची वस्ती आठशे का असेना.

ही केवळ पोथीतली गोष्ट नव्हे. केरळात कूडियाट्टम हे संस्कृत नाटक ज्या घरांत खेळले जाते ती कूत्तंबलमे आजही उभी आहेत. त्रिशूरच्या वडक्कुन्नाथन मंदिरातले कूत्तंबलम त्यांतले नामांकित. वर उंच, उतरते, आकाशाला टेकू पाहणारे छप्पर. बाजूंना भिंतीऐवजी लाकडी पट्ट्यांची जाळी, तिच्यातून वारा गाळून आत येतो. मध्ये स्वतःच्या खांबांवर उभा असलेला रंगमंच, नटापुढे तेलाचा दिवा, आणि पाठीमागे मिळावू नावाचा मोठा घटवाद्याचा प्रकार. नटाच्या डोळ्यांची हालचाल त्या दिव्याच्या उजेडात दिसावी, एवढ्याच अंतरावर प्रेक्षक. २००१ साली युनेस्कोने कूडियाट्टमचा मानवजातीच्या अमूर्त वारशाचा उत्तम नमुना म्हणून गौरव केला. त्या कलेबरोबर तिचे घरही शिकण्याजोगे आहे. त्या घरात कलेच्या मापाने लाकूड कापले आहे. आपल्याकडे भवनाच्या मापाने कला कापतात, आणि रात्रभराचा खेळ दीड तासात उरकायला लावतात. ‘रात्र थोडी सोंगे फार’ ही म्हण भवनवाल्यांनी अक्षरशः खरी करून दाखवली.

एवढे वाचल्यावर कोणी म्हणेल, मास्तर जुन्याचे भक्त दिसतात. तसे नाही. कोकणी घराची ओळख म्हणून जे तांबडे मंगळुरी कौल आपण चित्रात काढतो, ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातले नवे यंत्रकाम होते. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनच्या जर्मन कारागिराने त्याचा कारखाना काढला, आणि नळीची कौले व शाकारलेले गवत हटवून ते घरोघरी चढले. आमच्या पूर्वजांनी ते परके म्हणून नाकारले नाही, कारण गावच्या माणसाला ते आपल्या हाताने चढवता, उतरवता, बदलता येत होते. नव्याला माझी ना नाही. उद्या कोणी हलक्या पोलादाच्या कैच्या आणील, छपरावर सूर्यविजेच्या तबकड्या बसवील, तर त्याला मी नारळ देईन. परीक्षा एकच: बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस गावात किंवा शेजारच्या गावात आहे का?

आता भवनवाल्यांची बाजू. तीत सर्वांत वजनदार मुद्दा आहे तो मांडावरच्या आणि देवळाच्या सभामंडपातल्या माणुसकीचा. ते म्हणतात, तुमच्या जुन्या जागांवर मानकऱ्यांचा हक्क होता, कोणी पुढे बसायचे, कोणी लांब उभे राहायचे, हे जातीने ठरलेले होते; भवन सरकारी असते, तिथे तिकीट काढणारा प्रत्येक जण सारखा. हा मुद्दा खरा आहे आणि तो झटकून टाकणारा माणूस परंपरेचा मित्र नव्हे. पण याच महाराष्ट्रात सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे कुठे झाले? चावडीसमोर, वस्तीत, चाळींच्या पटांगणात, उघड्यावर. माणसांना मोकळे करणाऱ्या कलेला बंद खोके लागले नाही. म्हणून या मुद्द्यावरून निष्पन्न होते ते इतकेच की कलेचे घर ग्रामसभेच्या मालकीचे असावे, त्यावर कुणा एका घराण्याचा वा देवस्थानचा हक्क नसावा, आणि बसायची जागा आधी येणाऱ्याला मिळावी. ते घर स्लॅबचेच असावे, असे त्यातून कुठल्या तर्काने निघते? भिंत सिमेंटची झाली म्हणून मन समतेचे होत नाही.

दुसरा मुद्दा आगीचा. लाकूड जळते, हे मीही जाणतो. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उघडलेले, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच, छप्पर, आतले सारे लाकूडकाम भस्मसात झाले, आणि कोल्हापूरकर रस्त्यात उभे राहून रडले. त्या राखेचा उपयोग करून जो म्हणेल की लाकूड नकोच, त्याला मी विचारतो: एकशे नऊ वर्षे ज्या घराने कोल्हापूरच्या तीन-चार पिढ्यांना गाणे ऐकवले, त्याची बरोबरी करील असे कुठले भवन आपण गेल्या पन्नास वर्षांत बांधले? काँक्रीटच्या इमारतीचे आयुष्य कागदावरच पन्नास-साठ वर्षांचे धरतात. आगीवर उपाय आहेत: विजेच्या तारा लोखंडी नळीतून नेणे, त्यांची दरवर्षी तपासणी, पडद्यांना आग न धरणारे औषध, बाहेरच्या बाजूला उघडणारे रुंद दरवाजे, हाताशी पाणी आणि वाळू. ही सारी पुन्हा शाकारणीचीच भावंडे. ती केली नाहीत तर सिमेंटच्या घरातल्या खुर्च्या, गालिचे आणि पडदेही तेवढ्याच आवेशाने पेटतात.

तिसरा मुद्दा बोलून दाखवला जात नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच असतो. ‘शहराला काचेचे भवन आणि आम्हाला मातीचा ओटा? आम्ही काय मागासलेले?’ या प्रश्नातले दुखणे मला कळते. मुंबईहून गणपतीला आलेला चाकरमानी वडिलांचे कौलारू घर पाडून स्लॅब घालतो, त्यामागे तेच दुखणे आहे. पण हे ध्यानात घ्या की जगभर आज वारा उलटा वाहतो आहे. माणूस हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्याचा सुमारे ८ टक्के हिस्सा एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून येतो. चुनखडी भाजताना ती स्वतः वायू सोडते आणि भट्टीचे इंधन वेगळे. बंगळूरजवळ हेसरघट्ट्याला प्रोतिमा बेदींनी १९९० साली नृत्यग्राम स्थापन केले. ते गोव्यात काम करणाऱ्या जेरार्ड द कुन्हा यांनी स्थानिक दगड-मातीत बांधले, आणि ते पाहायला परदेशातून माणसे येतात. ज्याची आपल्याला लाज वाटते ते पाहायला लोक तिकीट काढून येतात.

मात्र एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाही तर मी मातीची जाहिरात करतो आहे असे वाटेल. इजिप्तमध्ये लक्सरजवळ हसन फथी या थोर वास्तुकाराने १९४० नंतरच्या दशकात नवे गुर्ना हे गाव कच्च्या विटांचे बांधले. त्यात मशीद होती, बाजार होता, आणि गावकऱ्यांच्या नाचगाण्यासाठी सुरेख नाट्यगृहही होते. सारे स्वस्त, थंड, देखणे. पण ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांना आपले जुने गाव सोडून तिथे जायचेच नव्हते. सरकारने ठरवले, वास्तुकाराने रेखाटले, आणि गावकऱ्यांनी पाठ फिरवली. नंतर त्यांतली कित्येक घरे ढासळली. म्हणजे मातीचे घरही वरून आले तर ते भवनच. उलट आपल्या सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला या. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला तिथे परशुराम गंगावणे यांनी जपली. त्यांनी संग्रहालय थाटले ते आपल्या गोठ्यात. गुरांच्या गोठ्यात पोथ्यांची चित्रे आणि चामड्याच्या बाहुल्या मांडल्या, आणि २०२१ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. कोट्यवधींच्या वास्तूला जे साधले नाही ते गोठ्याला साधले, कारण त्या गोठ्याचे दार उघडणारा माणूस रोज तिथेच राहतो.

तर मग मांडावर काय बांधावे? वड तसाच ठेवावा. तो उन्हाळ्यातला मंडप आहे. त्याच्या सावलीपलीकडे, भरताच्या मापाच्या जवळपास, एक उंच जोत्याचे घर घ्यावे. भिंती चिऱ्याच्या, आणि त्याही कमरेइतक्याच; वर खांब आणि मोकळीक. चिरा म्हणजे जांभा दगड, खाणीतून काढताना मऊ, वाऱ्या-उन्हाने कठीण होणारा. पण नव्या चिरेखाणीने आमचे सडे आधीच पोखरले आहेत, म्हणून दरवर्षी पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांचे चिरे, वासे आणि कौले घ्यावीत. आज ती मातीमोल जातात. वर मंगळुरी कौल, उंच आढे, आणि चोहीकडे रुंद पडवी, कारण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलायचा तर भिंतीला छत्री हवी. बसायला जमीनच उतरती करून घ्यावी. झाडीपट्टीची मंडळी हीच युक्ती करतात; शेतात जमीन खोदून प्रेक्षकांना खाली बसवतात आणि मातीचा रंगमंच वर राहतो. त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती खुर्च्यांच्या गादीमुळे नव्हे.

रंगमंचामागे प्रशस्त रंगपट असावा, नटांना जेवायला आणि पहाटे पाठ टेकायला पडवी असावी, आणि बायकांसाठी स्वच्छ, दाराला आतून कडी असलेली, पाण्याची सोय असलेली वेगळी संडास-न्हाणी असावी. या शेवटच्या गोष्टीत काटकसर करणाऱ्याला परंपरेचे नाव घेण्याचा अधिकार नाही. कित्येक आयाबहिणी रात्रीचा खेळ अर्ध्यावर सोडून घरी जातात, त्याचे कारण त्यांना कलेची गोडी नाही हे नसते. छपराचे पाणी पन्हळीने विहिरीत सोडावे, म्हणजे जत्रेच्या दिवसांत टँकर बोलवावा लागणार नाही. आणि शाकारणीसाठी गावाने दरवर्षी दोन दिवस राखून ठेवावेत, वाड्या वाटून घेऊन. ज्या हातांनी कौल चढवले ते हात त्याच छपराखाली टाळीही अधिक जोरात वाजवतात.

२०२५ साली ‘दशावतार’ नावाचा मराठी चित्रपट आला आणि शहरातल्या लोकांना या कलेची एकाएकी आठवण झाली. आठवण झाली हे चांगलेच. पण आठवणीच्या मागोमाग निधी येतो, निधीच्या मागोमाग ठेकेदार येतो, आणि ठेकेदाराच्या मागोमाग कुलूप येते. ते यायच्या आधी आपण उठले पाहिजे.

म्हणून वाचकहो, सुटीसाठी गावी गेला असाल, तर परतीची गाडी पकडण्यापूर्वी एक काम करा. गावात अशा भवनाचा नकाशा आला असेल तर तो ग्रामसभेत मागवा, आणि पाचच प्रश्न विचारा. याचे वीजबिल कोण भरणार? याची किल्ली कोणापाशी राहणार? हे गळले तर गावातला कोण माणूस ते दुरुस्त करणार? इथे खेळ करणाऱ्या मंडळींना नकाशा दाखवला होता का? आणि वड तोडल्यावाचून हे होत नाही का? पाचांपैकी एकाचेही उत्तर ‘पुढे बघू’ असे आले, तर नकाशा नम्रपणे परत करा. मांड आजवर भिंतींवाचून उभा राहिला. भवन आले नाही तरी त्याचा खेळ बंद पडणार नाही. भवन आले आणि त्याला कुलूप लागले, तर मात्र मांडही गेला आणि खेळही गेला, आणि तो वड पुन्हा लावायला आपल्यापैकी कोणाचेच आयुष्य पुरणार नाही.